सत्तेचाळीस नंबरचं वाण

मार्लिस ट्वेटच्या हाताखाली सोळा वर्षांत जेवढी माणसं तयार झाली, त्या सगळ्यांना पहिल्या दिवशी एकच धडा मिळाला. पेशींवर काम करायच्या काचेच्या कपाटावर तिने स्वतःच्या अक्षरात एक पट्टी चिकटवली होती: एका वेळी एकच वाण, आणि प्रत्येक वाणाची बाटली वेगळी. कोणी विसरलं तर मार्लिस ओरडत नसे. ती त्या माणसासमोर ती अख्खी गुलाबी पोषणद्रवाची बाटली बेसिनमध्ये ओतायची आणि शांतपणे विचारायची, "आता राहील लक्षात?" राहायचं.

कंपनी लहान होती, पंधरा माणसांची. विस्कॉन्सिनमधलं मॅडिसन शहर संपून मक्याची शेतं सुरू होतात तिथे एक बुटकी इमारत, शेजारी ट्रॅक्टरचं दुकान. धंदा एकच: पेशींची वाणं घडवायची आणि औषध कंपन्यांना वापरायला द्यायची. माणसाच्या पेशीत कायनेज नावाची प्रथिनं असतात. कधी वाढायचं आणि कधी थांबायचं, हा कारभार त्यांच्याकडे. त्यातलं एखादं बिघडलं की थांबायचं विसरतं आणि मग कर्करोग होतो. मार्लिसच्या कंपनीत असलं बिघडलेलं मानवी कायनेज उंदराच्या साध्या पेशीत बसवत. मग ती पेशी सर्वस्वी त्या कायनेजच्या जिवावर जगे. नव्या गोळीचं औषध तिच्यावर घालायचं. कायनेज बंद पडलं की पेशी मेली, आणि पेशी मेली की गोळी खरी. इतका सरळ व्यवहार होता म्हणून मार्लिसला हे काम आवडायचं. माणसांशी वागताना असं सरळ काही हाती लागत नाही, असं तिचं ठाम मत होतं, आणि दोन लग्नं मोडल्यावर ते मत बदलायची तिला गरजही वाटली नव्हती.

शेचाळीस नंबरच्या वाणात फुप्फुसाच्या कर्करोगातलं असंच एक कायनेज होतं. बाजारातल्या जुन्या गोळीने ते वाण पटापट मरायचं. सत्तेचाळीस नंबर म्हणजे त्याचंच सख्खं भावंड. कायनेज तेच, पण त्या प्रथिनाच्या माळेतला एक मणी बदललेला. तेवढ्या एका मण्याने जुन्या गोळीला तिथे बसायला जागाच राहत नसे. रोग्यांमध्येही हेच होतं. गोळी दोन-तीन वर्षं चालते, मग गाठ तो एक मणी बदलते आणि गोळी निकामी होते. म्हणून सेंट पॉल शहरातल्या एका छोट्या कंपनीने नवी गोळी बनवली. नुसत्या प्रथिनावर ती बरी दिसली होती, पण फार नाही. तिचं नशीब उघडलं ते मार्लिसच्या बाटलीत. चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये मार्लिसने ती सत्तेचाळीस नंबरवर घातली आणि तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर सगळ्या पेशी फुटून त्यांचा चुरा झाला होता. मालक डॉक्टर श्राम यांनी केक आणला. मार्लिसला कोपऱ्यातला तुकडा मिळाला, गुलाबाचं फूल असलेला.

तेव्हा तिचा मोठा भाऊ लाईल ठणठणीत होता. काउंटीचा बर्फ काढायचा नांगरट्रक चालवायचा आणि जन्मात कधी सिगारेट ओढली नव्हती. त्याच उन्हाळ्यात त्याला खोकला लागला, आणि निघालं ते हेच, शेचाळीस नंबरवालं. जुन्या गोळीने तीन वर्षं छान काढली. गेल्या ऑगस्टमध्ये गाठीने मणी बदलला.

डॉक्टरांनी त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. एक, केमो, अंगात ताकद आहे तोवर लगेच सुरू करायची. दुसरी, सेंट पॉलच्या त्या नव्या गोळीची चाचणी सुरू होती तिच्यात नाव घालायचं. केमोचं नाव काढताच लाईलचा चेहरा दगडासारखा व्हायचा, कारण त्याची बायको जॉइस केमो घेता घेताच गेली होती. तरी तो गोळीलाही लगेच हो म्हणाला नाही. त्याने मार्लिसला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली आणि विचारलं, "तू त्यातली आहेस. खरं सांग, चालते का ती?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय लाईल," ती म्हणाली होती. "एक पेशी उरली नव्हती."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि त्याने कागदावर सही केली.

हे सगळं आधी सांगावं लागलं, कारण फेब्रुवारीच्या त्या सोमवारी माय सी वांग नावाची तिची सहकारी टेबलाशी येऊन उभी राहिली तेव्हा मार्लिसच्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. ती डब्यातलं कालचं बटाटे-खिम्याचं हॉटडिश गरम करून खात होती.

"मार्लिस, माझं काहीतरी चुकलंय," माय सी म्हणाली. माय सीचं सहसा काही चुकत नसे. "नव्या गिऱ्हाइकाला सत्तेचाळीस हवंय. नेहमीच्या रांगेतल्या कुप्या संपत आल्या म्हणून मी नायट्रोजनच्या टाकीतून अगदी तळाची एक जुनी काढली, पाच वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये गोठवलेली. वाढली छान. पण सेंट पॉलची गोळी घातली तर मरेचना."

"गोळी जुनी असेल."

"नवी फोडली."

"दहापट पातळ केली असशील."

"मी काय काल आलेय का इथे?"

मार्लिसने चमचा खाली ठेवला. दोघींनी मिळून ते पुन्हा केलं. ऑक्टोबरची कुपी एकीकडे, त्यानंतरच्या जानेवारीत गोठवलेली नेहमीची पिढी दुसरीकडे, दोन्हींवर तीच गोळी. गुरुवारी पाहिलं तर जानेवारीतल्या पेशींचा चुरा झालेला, आणि ऑक्टोबरच्या पेशी गोल, चकचकीत, लग्नाच्या पंगतीत बसल्यासारख्या खुशाल. मग माय सीने दोन्हींमधल्या मानवी कायनेजचे मणी वाचायला पाठवले. शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. ऑक्टोबरच्या कुपीत मणी बदललेला होता. जानेवारीतल्या कुपीत नव्हता. म्हणजे जानेवारीच्या कुपीवर सत्तेचाळीस लिहिलेलं, आत शेचाळीस.

"पण दरवर्षी ओळख तपासतो की आपण," माय सी म्हणाली.

तपासत होते, पण त्या चाचणीत पेशीचं फक्त घराणं कळतं. शेचाळीस आणि सत्तेचाळीस एकाच मूळ पेशीपासून घडवलेली, तेव्हा दोघांचं घराणं एक आणि उत्तरही एकच. मणी वाचला होता तो पहिल्या पिढीचा, ऑक्टोबरचा, आणि त्याच कागदाची नक्कल पुढच्या प्रत्येक पिढीला जोडली जात होती. कोणालाच वावगं वाटलं नव्हतं. सगळेच असं करतात.

मार्लिस उठली आणि जुन्या वह्यांच्या कपाटाशी गेली. तिला काय शोधायचं ते माहीत होतं आणि ते सापडू नये असंही वाटत होतं. पण तिची वही म्हणजे तिचीच वही. सगळं लिहिलेलं, तारीख, वेळ, बाटलीचा नंबर. त्या ऑक्टोबरनंतरचा नोव्हेंबर, हरणांच्या शिकारीच्या मोसमाचा पहिला शनिवार. त्या आठवड्यात विस्कॉन्सिनमध्ये निम्मी माणसं नारिंगी जाकिटं घालून रानात असतात. प्रयोगशाळा ओस पडली होती, श्राम त्यांच्या सासऱ्याबरोबर उत्तरेला गेले होते आणि पोषणद्रव पोचवणारा माणूसही बंदूक घेऊन कुठल्यातरी झाडावर बसला होता. बावीस वाणांना खायला घालायचं होतं आणि फडताळात शेवटची एक बाटली उरली होती. वहीत तिच्याच नीटस अक्षरात होतं: अकरा दहा, शेचाळीस, बाटली नऊ. खालच्या ओळीवर, अकरा पंचवीस, सत्तेचाळीस, बाटली नऊ.

म्हणजे शेचाळीसला भरवताना पिपेटच्या टोकाला चिकटून दोन-चार पेशी त्या बाटलीत गेल्या असणार, आणि तिथून सत्तेचाळीसमध्ये. शेचाळीस भराभर वाढतं, सत्तेचाळीस संथ. पिकात तण माजावं तसं महिन्याभरात जुनं वाण पार झाकून गेलं असेल. जानेवारीत तिने जे कौतुकाने गोठवलं ते तण होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ती पट्टी अजून काचेवर तिच्या डोळ्यांसमोर होती. मार्लिसने वही तशीच उघडी माय सीपुढे सरकवली.

माय सीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "आपण सगळेच करतो गं कधीतरी," ती म्हणाली.

"मी नाही करत," मार्लिस म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर तिथल्याच स्टुलावर बसली.

डॉक्टर श्राम यांनी वही पाहिली, दोन्ही निकाल पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वाईट गृहस्थ नव्हते. आरडाओरडा केला नाही, वही कपाटात ठेव असंही म्हणाले नाहीत. "सेंट पॉलला मी आजच कळवतो," ते म्हणाले. "पण ते विचारतील, किती वेळा केलं? एकदा केलेला प्रयोग म्हणजे न केलेला प्रयोग. अजून दोनदा कर. पहिल्यापासून, नव्या कुपीतून."

"त्याला तीन आठवडे लागतील."

"लागतील. मग ते त्यांच्याकडे करून बघतील, मग त्यांची समिती बसेल, मग इस्पितळांना पत्रं जातील."

"कधी?"

"उन्हाळ्याच्या आत, बहुतेक."

"डॉक्टर, माझा भाऊ आहे त्या चाचणीत."

श्राम यांनी हातातला निकाल खाली ठेवला. हे त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "गिऱ्हाइकाचा निकाल बाहेर बोलायचा नाही, हा नियम तूच सगळ्यांना शिकवतेस," ते म्हणाले. "पण शनिवार-रविवारी तू कुठे जातेस आणि काय बोलतेस, ते मला कुठे माहीत असतं?"

शनिवारी मार्लिसने दुसऱ्या फेरीच्या कुप्या काढल्या, कोमट पाण्यात वितळवल्या, पेशी ताज्या द्रवात सोडल्या. आठवडाभर त्या हातपाय पसरतील, मग त्यांच्यावर गोळी घालता येईल. पेशीला घाई कळत नाही. कोणाचा भाऊ किती किलो उतरला याच्याशी तिला देणंघेणं नसतं. मार्लिस इन्क्युबेटरच्या काचेशी उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या मुक्या, गुलाबी बाटल्यांचा राग आला.

रविवारी दुपारी ती तळ्यावर गेली. तळं कडक गोठलेलं होतं, त्यावर मासेमारीच्या लाकडी खोपट्यांची वस्ती बसली होती, ट्रक उभे होते आणि कुठेतरी रेडिओवर कोणी बर्फाचं भाकीत सांगत होतं. लाईलचं खोपटं हिरवं, दारावर जॉइसने रंगवलेला मासा. आत गॅसची शेगडी, उलट्या घातलेल्या दोन बादल्या, आणि बर्फातल्या भोकात सोडलेले दोन गळ. लाईल बादलीवर बसला होता. त्याचं जाकीट त्याच्यापेक्षा दोन माणसं मोठं झालं होतं.

"या, सायंटिस्टबाई," तो म्हणाला. "आज तुमच्या पोरांना कोण भरवतंय?"

"भरवून आले."

"रविवारीसुद्धा? चर्चला गेली असतीस तर पाद्री तरी ओळखू लागला असता."

तिने चीजच्या कोवळ्या तुकड्यांची पिशवी त्याला दिली. ताजी होती, दाताखाली कुरकुरणारी. त्याने भराभर चार तोंडात टाकले. "बघ, भूक लागते मला," तो म्हणाला. "थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्कीकडे बघवत नव्हतं. आणि खोकला ऐकलास का आल्यापासून?"

"नाही ऐकला."

"मग? लागू पडतेय तुझी गोळी."

मार्लिसला माहीत होतं की ही भूक अंगावरच्या पुरळासाठी चालू असलेल्या स्टेरॉइडची आहे आणि खोकला दाबलाय तो औषधाच्या बाटलीने. जानेवारीतल्या स्कॅनमध्ये गाठ थोडी वाढली होती. चाचणीच्या नियमात बसेल इतकीच, म्हणून गोळी चालू ठेवली होती. पुढचं स्कॅन तीन आठवड्यांनी होतं. तीन आठवड्यांनी या माणसाला केमो सोसेल का, हा प्रश्न तिने रस्ताभर स्वतःला विचारला होता.

"लाईल, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"ट्रक विक म्हणणार असशील तर नको."

तिने सांगितलं. पट्टी, शिकारीचा शनिवार, बाटली नऊ, जानेवारीच्या कुप्या, सगळं. नोकरीवर पाणी सोडावं लागेल अशा रीतीने, काही न झाकता. माझ्या हातून झालं, हे तिने दोनदा सांगितलं. लाईल भोकातल्या काळ्या पाण्याकडे बघत ऐकत राहिला.

"म्हणजे त्या मेलेल्या पेशी दुसऱ्याच होत्या," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"आणि माझ्या आत ज्या आहेत तसल्या?"

"त्या मेल्या नाहीत. मजेत आहेत."

"श्राम काय म्हणतो?"

"अजून दोनदा करून बघ म्हणतात."

"म्हणजे त्यालाही पक्कं वाटत नाही."

"त्यांना वाटतंय. पद्धत आहे ती, लाईल. मला पक्कं माहीत आहे. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन कर. केमो सुरू करा म्हणावं, स्कॅनची वाट बघू नका म्हणावं. मी येते तुझ्याबरोबर. मी सांगते त्यांना सगळं."

लाईलने गळाची दोरी बोटाने जरा हलवून पाहिली. मासा नव्हता.

"ऑगस्टमध्ये माझ्या स्वयंपाकघरात बसून तू काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

ती वाकून शेगडीची ज्योत कमी करू लागली.

"म्हणालीस, मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि आज काय म्हणतेस?"

"डोळ्यांनीच पाहिलंय."

"डोळे तेच ना?"

मणी वाचल्याचा कागद मार्लिसच्या खिशात होता. तिने तो काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. त्यावर नुसत्या रंगीत लाटा होत्या. लाईलने तो सरळ धरला, उलटा धरला आणि जपून घडी घालून तिला परत दिला.

"मला आतून कळतं गं," तो म्हणाला. "भूक लागते."

"ती स्टेरॉइडची भूक आहे."

"असू दे. पोटाला काय कळतंय कोणाची ते." तो हसला, आणि हसताना खोकला आला. बराच वेळ आला. मार्लिस त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. जाकिटातूनही पाठीची हाडं हाताला लागत होती. खोकला थांबल्यावर त्याने तोंड पुसलं आणि जणू काही झालंच नाही असा चेहरा केला. "स्कॅन होऊ दे. मग बघू. जॉइसचं मी पाहिलंय, मार्ली. ते मी घेणार नाही, आणि हेही नाही म्हणालो तर उरलं काय माझ्याकडे?"

"रागाव तरी माझ्यावर," ती म्हणाली. ती आता सरळ रडत होती. "माझ्यामुळे सहा महिने गेले तुझे. काहीतरी बोल."

"रागवायचं तर आधी तुझं खरं मानावं लागेल," लाईल म्हणाला. "ते मला जमणार नाही."

शेगडी सुरसुरत होती. शेजारच्या खोपट्यात कोणाला तरी मोठा मासा लागला असावा, कारण तिकडून आनंदाचा कल्ला ऐकू आला, आणि लाईलनेही सवयीने मान वर करून कान दिला. तिला त्याला खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. ती एका ओळीने त्याला या वाटेवर घालू शकली होती, आणि आता तासभर बोलूनही एक पाऊल मागे आणू शकत नव्हती. खोटं किती सहज पटलं होतं. तिला स्वतःलाही.

दोन वाजता त्याच्या मनगटावरचं घड्याळ पिपीप करू लागलं. लाईलने ते बंद केलं, जाकिटाच्या आतल्या खिशातून पांढरी बाटली काढली आणि झाकण फिरवू लागला. लहान मुलांना उघडू नये म्हणून दाबून फिरवायचं झाकण होतं ते. त्याने दोनदा प्रयत्न केला. त्याची बोटं गारठली होती, की त्यांच्यातला जोर गेला होता, कोण जाणे. मग त्याने बाटली तिच्यापुढे धरली.

"काढून दे," तो म्हणाला. "तुझा हात बसलाय बाटल्यांवर."

मार्लिसने बाटली घेतली. भोकातल्या पाण्याकडे एकदा पाहिलं. हात लांब करून बाटली सोडून दिली असती तर पुरलं असतं, पण लाईल तिच्याकडे बघत होता, लहानपणी बर्फावर तिचे स्केट बांधून झाल्यावर बघायचा तसा, आता ऊठ म्हणत. तिने झाकण दाबलं, फिरवलं आणि दोन गोळ्या मोजून त्याच्या तळहातावर ठेवल्या. मग थर्मासमधून पाणी ओतून तेही दिलं.